देवाच्या नावाखाली

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मी तुझ्यावर चिडले आहे. अगदी मनापासून. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

तू आम्हाला कधी मारलं नाहीस की कधी आवाज चढवला नाहीस. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, किती शांत बाई! त्यांचं काय जातंय म्हणायला? हिंगणघाटच्या त्या दोन खोल्यांत ताटं वाढून झाली की तू पदर डोक्यावर घ्यायचीस, आम्ही डोळे मिटायचो, आणि मग सुरू. दिवसभर तुझं 'काऊन रे' आणि 'लवकर येजो' चालायचं, देवाशी मात्र एकदम पुस्तकी मराठी, जसं काही त्याला वऱ्हाडी समजतच नाही. "हे स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. तुझं लेकरू आज शाळा बुडवून पिक्चरला गेलं, त्याला सत्याच्या मार्गावर आण." दादाचे कान लाल व्हायचे. उलट बोलायची सोय नाही, कारण प्रार्थनेत मध्येच बोलतं कोण? आमेन म्हटल्याशिवाय घास नाही, आणि आमेन म्हटलं की गुन्हा कबूल. तोवर पाटवडीचा रस्सा गार झालेला. बाबांची तंबाखू तर तू जन्मभर देवाला सांगितलीस, बाबांना एकदाही नाही. ते बिचारे आमेन म्हणून अंगणात जायचे आणि पुन्हा चोळायला घ्यायचे.

आता आजचं ऐक. तुझ्या नातीला लग्न करायचं आहे. मुलगा अल्लीपूरचा, बौद्ध घरातला, वर्ध्यात कॉलेजात शिकवतो. तिने मला केव्हाच सांगितलं होतं आणि मी 'बघू' म्हणून विषय टाळत आले होते. आज रविवार, उपासनेहून आल्यावर मीच त्याला जेवायला बोलावलं. चांगला आहे गं मुलगा. मी पदर घेतला तसे त्यानेही आपणहून हात जोडले, मान खाली घातली. मी डोळे मिटले आणि माझ्या तोंडातून तू बोलायला लागलीस. तोच मऊ आवाज, तीच पुस्तकी भाषा. "हे प्रभू, माझ्या मुलीला तुझ्या मंडळीबाहेर जाऊ देऊ नकोस. या पाहुण्याच्या मनात तुझा उजेड पाड." त्याला घरी बोलावून, ताट वाढून, वर हे!

डोळे उघडले तर लेक माझ्याकडेच बघत होती. तिने मिटलेच नव्हते. म्हणाली, "आई, मी इथंच बसून आहो ना. मले सांग. देवाले काऊन सांगून राह्यली?"

आमेन कोणीच म्हणालं नाही. मुलगा गुमान जेवला, भाजी छान झाली म्हणाला, माझ्या पाया पडला आणि गेला. मी धड 'येजो' सुद्धा म्हटलं नाही. आता लेक बॅग भरते आहे. संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघाली, नोकरीवर. म्हणाली, तोंडावर बोलशील तेव्हाच परत येईन. बोलू काय, डोंबल? त्या मुलात खोट काढायला मला काही सापडत नाही. मला भीती वाटते, एवढंच. नाताळच्या उपासनेत माझ्या शेजारची जागा रिकामी राहील. तिच्या पोरांना प्रभूची प्रार्थना येणार नाही. मला मातीत ठेवतील तेव्हा आपली गाणी म्हणायला घरचं कोण असेल? हे असं सरळ कसं बोलायचं ते तू शिकवलंच नाहीस, डोळे मिटायला तेवढं शिकवलंस. संतापच येतो तुझा.

लेक पलीकडच्या खोलीत आहे, दार उघडं आहे. आणि तिला सांगायचं ते मी इथे बसून तुला सांगते आहे.