पुसून आलेली खुर्ची

तीर्थरूप वन्सं यांना घाईबाईचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे अर्ध्यापर्यंतच वाकता येतं, उरलेला मनातून केलाय असं समजावं.)

तुमची तब्येत कशी आहे? थोरली फोनवर सांगत होती की हल्ली जिना चढताना तुम्ही मध्येच थांबता, आणि विचारलं तर म्हणता, भिंतीचा रंग बघत होते. वन्सं, लेकीच्या घरचा तो जिना मी पाहिलाय, त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही. औषध घेत जा. इकडे तुमचे भाऊ ठीक आहेत. कान तेवढे गेले, पण मला वाटतं ते माझ्यापुरतेच गेलेत, कारण चहा झाला म्हटलं की पहिल्या हाकेला हजर असतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं, कागद फार लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. शिवाय हे पत्र शनिवारच्या आत पोस्टात पडायलाच हवं. का, ते पुढे येईल. येऊ नये असं फार वाटतंय, पण येईल.

आधी आनंदाची बातमी. मी पुन्हा संस्थेच्या निवड समितीवर आहे! हात ठेवायला दांडे असलेली खुर्ची दिलीय मला, समोर पाण्याचा ग्लास, आणि त्यावर झाकणसुद्धा. आपली नात (धाकट्याची, ती आता संस्थेतच संगणकावर बसते) म्हणाली, आजी, तू अगदी न्यायाधीश दिसतेस. मी इतकी हरखले की तो ग्लास पहिल्याच उमेदवाराच्या कागदांवर सांडला. त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता, सगळा भिजला. आम्ही खिडकीत वाळत घातला.

पण समिती पुन्हा का बसली ते सांगते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. मामंजी गेले तेव्हा त्यांची चाकांची खुर्ची, लोखंडी पलंग आणि हवेची गादी घरात उरली, आणि तुम्ही शेजारच्या आजारी बाईला ती वापरायला दिलीत. तिथून सुरुवात. मग कुबड्या आल्या, वॉकर आले, दहा पलंग झाले आणि घराच्या ओसरीतून आपण त्या कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत गेलो, तरी कोणी तुम्हाला पद दिलं नव्हतं आणि तुम्ही मागितलंही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी संस्था रीतसर झाली, संचालक नेमायचं ठरलं आणि पाचजणांनी पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. तुम्हाला दोन, त्या कारखान्यातल्या साहेबांना तीन. डॉक्टर आणि हेडमास्तर तर उघडच साहेबांच्या बाजूचे होते. सुतार तुमचा, आणि मी घरचीच. म्हणजे तिसरी चिठ्ठी औषधवाल्याची, असं तुम्ही बोटांवर मोजलंत आणि सहा महिन्यांत बॅग भरून थोरलीकडे गेलात. तेव्हापासून दरवर्षी आठ दिवस येता ते औषधवाल्याच्या दुकानावरून नाकाला पदर लावून जायला. आणि संस्थेची पायरी काही चढत नाही.

साहेबांचा अनुभव चार पानांचा होता हे आठवत असेल. कारखान्यात हजार माणसं त्यांच्या हाताखाली होती म्हणे. इथे त्यांच्या हाताखाली मी, एक लिपिक आणि सात कुबड्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियम काढला की कोणतंही सामान हवं असेल तर आठ दिवस आधी अर्ज करावा. पाय मोडायचा असेल त्याने आठ दिवस आधी कळवावं! एकाची खुर्ची मंजूर झाली तेव्हा तो स्वतःच चालत घ्यायला आला, आणि साहेबांनी वहीत लिहिलं, 'लाभार्थी समाधानी'. पुढे साहेबांचीच कंबर धरली आणि त्यांची बायको पलंग मागायला आली. मी म्हटलं, आठ दिवस. (दिला हो मी. पण आठ मिनिटं थांबवून.) तीन वर्षांनी ते गेले. जाताना म्हणाले, इथे कोणी ऐकत नाही. खरं होतं ते.

मग आला पदवीवाला. दोन पदव्या, आणि सहा वर्षांत चार संस्था. आधी झाडं, मग पाणी, मग भटकी कुत्री आणि मग आम्ही. मुलगा सोन्यासारखा, खोटं का बोलू. स्वतः पलंग उचलायचा. पण त्याला सगळं मोजायचं असायचं. सामान परत करणाऱ्याने भरायचा एक कागद काढला होता, त्यावर पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि जे वाटतं त्यावर खूण करायची. एक म्हातारे गृहस्थ बायकोचा वॉकर परत घेऊन आले. वॉकर कसा चकचकीत पुसलेला. मला दारातूनच कळलं, पण मी उठेपर्यंत कागद त्यांच्या हातात गेला होता. ते बराच वेळ त्या तोंडांकडे बघत बसले आणि मग पाचही तोंडांवर खूण करून गेले. पदवीवाल्याने तो कागद कुठल्या रकान्यात घालायचा म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, बाळा, वन्सं असत्या तर हा कागदच नसता. त्याने त्या दिवशी डबा खाल्ला नाही. पण दोन वर्षांत त्यालाही मोठ्या संस्थेने बोलावलं. जाताना रडला, आणि गेला.

त्यानंतर कोणी टिकलं नाही. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत संचालक मिळाला नाही तर सगळं सामान मोठ्या रुग्णालयाला देऊन खोल्यांना कुलूप लावू. म्हणून मुलाखती. तिघे आले. डॉक्टरांनी अनुभव विचारला, हेडमास्तरांनी ध्येय विचारलं (ते सगळ्यांनाच विचारतात, मागे नळवाल्यालाही विचारलं होतं), आणि मला एकच प्रश्न विचारायची मुभा होती. मी तुमचाच विचारला. खुर्ची पुसून परत आली तर काय करायचं? भिजलेल्या अनुभवाचे गृहस्थ म्हणाले, त्यांना आभाराचं पत्र द्यायचं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, कशाने पुसली ते तपासायचं. तिसरा म्हणाला, पुसायचं काम कोणाकडे आहे त्यावर अवलंबून. तिघेही शिकलेले, तिघेही चांगले, पण एकालाही ठाऊक नाही की बऱ्या झालेल्या माणसाच्या घरून खुर्ची कधी पुसून येत नाही. ती येते धुळीची, मागे टॉवेल वाळत घातलेला, कधी सीटखाली शेंगांची टरफलं. पुसून येते ती गेलेल्याच्या घरून, कारण हातांना दुसरं काही करायला उरलेलं नसतं. म्हणून खुर्ची पुसलेली दिसली की काही विचारायचं नाही, ती हळूच कोपऱ्यात लावायची, माणसाला बसवायचं, न विचारता साखर घालून चहा द्यायचा आणि शेजारी बसायचं. हे तुम्ही मला शिकवलंत. चौथीनंतर मी शिकलेली एवढी एकच गोष्ट.

आणि तिनेच माझा घात केला.

मंगळवारी सकाळी औषधवाल्याची बायको खुर्ची ढकलत आली. दोन महिन्यांपूर्वी औषधवाले वरच्या फळीवरची बाटली काढताना स्टुलावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मीच ती खुर्ची दिली होती. (तुम्हाला कळवलं नाही, तुम्ही 'बरं झालं' म्हणाला असतात.) मी खुर्ची बघितली. चाकाची तार न् तार चकाकत होती. सीटचं कापड धुऊन, वर इस्त्री केलेली. मी खुर्ची कोपऱ्यात लावली, त्यांना स्टुलावर बसवलं, चहा हातात दिला. त्या म्हणाल्या, "अहो, मला घाई आहे." मी म्हटलं, "बसा, आता कसली घाई." नात तो पाच तोंडांचा कागद घेऊन आली, मी तिच्याकडे असं बघितलं की ती कागदासकट परत फिरली. मग माझ्याच डोळ्यांना धार लागली. मी रडतेय बघून त्याही रडायला लागल्या. त्यांना वाटलं, तुमच्या भावाचं काही झालं! त्या मला विचारतात, "कधी?" मी म्हणते, "तुम्हीच सांगा, कधी?" त्या म्हणतात, "मला काय ठाऊक, तुम्ही सांगा." अशा आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून कोणासाठी रडत होतो देव जाणे. आणि त्या भरात मी त्यांचे हात धरले आणि नऊ वर्षं गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. इथे लिहिलं तर तुम्ही पत्र इथेच फाडाल.

बोलून झालं आणि दारात काठी वाजली. औषधवाले! बाहेर पायऱ्यांवर दम खायला थांबले होते, तुमच्यासारखेच. सगळं ऐकलं होतं. मला म्हणतात, "खुर्ची मी स्वतः स्पिरिटने पुसलीय. औषधवाल्याच्या घरून धुळीची खुर्ची जाईल होय?" स्पिरिटचा वास मला आला होता हो वन्सं, पण मला वाटलं, दुःखाचाच असेल. मग ते त्याच खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत तुम्ही तुमच्या वन्संना लिहा. नाहीतर मी लिहितो. माझं अक्षर कोणालाच वाचता येत नाही, त्या भलतंच काहीतरी वाचतील."

म्हणून हे पत्र. बाकी सर्व क्षेम. नातीला ताप होता, उतरला. तुमची आठवण येते असं लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाल, लाडीगोडी लावतेय, म्हणून लिहीत नाही. थोरलीला सांगा, जिन्यात दिवा लावून घे. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण आता तुमच्याहून मोठं कोणी उरलेलंच नाही.

तुमची,
घाईबाई

ता. क. तिसरी चिठ्ठी माझी होती. त्या दिवशी सकाळी मी घातलेली पलंगाच्या चादरीची घडी तुम्ही सगळ्यांसमोर झटकून मोडलीत आणि म्हणालात, "घाईबाई, ही घडी आहे की बोचकं?" सगळे हसले. पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस होता, तोही हसला. तो राग घेऊन मी आत गेले. साहेबांचा अनुभव चार पानांचा होता, तुमचा एका ओळीचा, म्हणून त्यांना दिलं असं मी स्वतःला सांगत आले, पण राग चादरीचा होता आणि चार पानं नुसती सबब. चिठ्ठी टाकून हात बाहेर काढला तेव्हाच ती परत घ्यावीशी वाटली, पण डब्याचं तोंड लहान होतं. औषधवाल्यांनी तुम्हालाच दिलं होतं. डब्यातून तुमच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, एक त्यांची, एक सुताराची, तेव्हाच ते समजले होते. नऊ वर्षं तुमचा पदर नाकाला लागलेला बघून गप्प राहिले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मला शिव्या दिल्या तरी संध्याकाळी मी माझ्या घरी जातो. तुम्ही दोघी एका स्वयंपाकघरात होता." त्या स्वयंपाकघरातून तुम्ही तरीही गेलातच. तेव्हापासून त्या घरात मला कोणी टोकत नाही. एवढं गप्प घर मला नको होतं.

ता. क. २. मी संचालकपदासाठी तुमचा अर्ज भरून दिलाय. न विचारता भरला, रागवू नका, म्हणजे रागवा, पण इथे येऊन रागवा. वयाच्या रकान्यात 'साठीच्या पुढे' लिहिलंय, किती पुढे ते विचारलेलं नाही. अनुभवाच्या रकान्यात मागे तुम्ही लिहिलं होतं तेच जसंच्या तसं उतरवलं: 'वडिलांचं नऊ वर्षं केलं. नंतर जो येईल त्याचं.' हेडमास्तरांनी ते मोठ्याने वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि ध्येय विचारायचं विसरले. डॉक्टरांनी सही केली आहे. संगणकाचं नात बघेल, तिला फक्त खुर्च्या ओळखायला शिकवा. मला ते नीट जमत नाही हे मंगळवारी सिद्ध झालंच. मुलाखत पुढच्या शुक्रवारी. समितीत मी आहे, पण या वेळी हात वर करून मत द्यायचं ठरलंय, तशी मीच अट घातली. चादरीच्या घड्या मी अजून तशाच घालते, हे आधीच सांगून ठेवते.

ता. क. ३. जाताना तुम्ही रागाने मामंजींची खुर्ची घेऊन गेलात. थोरली म्हणते, तिच्यावर तुमची लुगडी वाळतात आणि खाली मांजर झोपतं. हे पत्र लिहिताना मला त्या खुर्चीचीच भीती वाटत होती, की एखाद्या दिवशी थोरली ती घेऊन दारात उभी राहील आणि मला काही विचारता येणार नाही. येताना ती घेऊन या. मांजराचे केस असू देत. पुसू नका.