अर्धा स्वर खाली

मास्तर,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली, माझे केस पांढरे झाले, पियानोवर पोट भरलं, चार देशांत वाजवून झालं. तरी कुठल्याही हॉलमध्ये पहिली पट्टी दाबली की आधी तुम्ही आठवता आणि मागोमाग संताप येतो. म्हटलं, एकदा लिहून तरी टाकू.

तुमच्या पावसच्या घरातली ती मागची खोली. मे महिन्यात अर्ध्या खोलीत आढी घातलेली, गवताखाली हापूस पिकतोय, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचा पियानो. जन्मभर बोटीवरच्या बँडमध्ये वाजवलंत आणि निवृत्त होताना तो मुंबईहून ट्रकमधून आणलात. आमच्याकडे लोकांनी पियानो पाहिलेला तो फक्त सिनेमात. शाळा सुटली की मी रत्नागिरीहून एसटी पकडते. काकू आधी स्वयंपाकघरात बसवून घावन वाढतात, हात साबणाने धुवायला लावतात, मगच तुमच्याकडे सोडतात. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगून अडकायच्या, म्हणून पियानोच्या पोटात तुम्ही साठचा बल्ब पेटता ठेवायचात. काकू म्हणायच्या, देवापुढचं निरांजन विझलं तर चालेल, पण ह्यांचा दिवा विझता कामा नये. तुम्ही मला पाठमोरी उभी करून एकेक स्वर वाजवायचात आणि मी न बघता पट्टी ओळखायचे. एकदाही चुकले नाही. तेव्हा तुमच्या तोंडावर जो आनंद दिसायचा, त्यासाठी मी रत्नागिरीहून चालतसुद्धा आले असते.

नववीत मी शाळेच्या गॅदरिंगला पेटी वाजवली. ते तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही कधी नव्हे एवढे चिडलात. पेटीने बोटं बिघडतात, पुन्हा हात लावलास तर इथे पाऊल टाकायचं नाही, असा दम भरलात. मी म्हटलं, मास्तर, शाळेची पेटी जरा चढी लागते. तर म्हणालात, असल्या पेट्या तशाच असतात. रेडिओवरचं गाणं आपल्या पियानोशी जुळत नाही म्हटलं, तर म्हणालात, रेडिओचं काही खरं नसतं. मी मान डोलावली. घरी वडलांशी मी कशावरूनही वाद घालायचे, पण तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.

मग बारावीनंतर मुंबईची ती निवडचाचणी. त्यातून एकाला शिकायला परदेशी पाठवणार होते, आणि तो एक म्हणजे मीच, याबद्दल ना तुम्हाला शंका होती, ना मला. मी बसते, सुरुवात करते, आणि बोटं एक वाजवतायत, कानात येतंय भलतंच. मी हात काढून घेतला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, तुमचा पियानो चढा लागलाय. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वर लावायचा काटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरला. पियानो बरोबर होता. अर्धा स्वर खाली होता तो तुमचा. पेटी, रेडिओ, तो दम, सगळं त्या खुर्चीत बसल्या बसल्या उलगडलं. सहा वर्षं मी चुकीच्या स्वराला बरोबर म्हणत होते आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी पुन्हा सुरुवात केली, दुसऱ्या पानावर अडखळले, तिसऱ्यावर थांबले आणि उठले.

परत आले ती घरी न जाता थेट पावसला. तुम्ही पडवीत बसलेले. माझ्याकडे बघूनच समजलात. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजल्या, पुरत्या ताणल्या तर तुटतात, दोन तुटल्या, म्हणून सगळ्याच अर्धा स्वर सैल केल्या, असं खाली बघत सांगितलंत. मी म्हटलं, ते ठीक, पण मला का नाही सांगितलंत?

"पियानो असा अधू आहे म्हटल्यावर तुझ्या वडलांनी तुला धाडली असती काय गो?"

"मग मुंबईला जाताना तरी सांगायचंत."

मग म्हणालात, "तेव्हा लाज वाटली."

लाज! तुमची लाज राखायला मला तोंडघशी पाडलंत. काकू मागून हाका मारत होत्या, जेवून तरी जा म्हणत होत्या. मी वळून पाहिलं नाही. त्यानंतर तुमच्या दारात आले नाही, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. मुंबईत शिकवण्या करत पहिल्यापासून शिकले. कान वळवता वळवता ऐन उमेद सरली, आणि अजूनही तो पुरता वळलेला नाही. मुलाखतीत विचारतात, सुरुवात कुठे झाली? मी सांगते, मुंबईत.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. काकू असत्या तर त्यांच्या हाती दिलं असतं, असं आत्ता लिहिणार होते. नसतं दिलं. कारण एक गोष्ट राहिली आहे. त्या दिवशी मी उठले तेव्हा परीक्षक बाई म्हणाल्या होत्या, घाई नको, बाहेर दुसरा पियानो आहे, तासभर हात बसव आणि मग ये. मी नको म्हटलं. मला त्या क्षणी वाजवायचं नव्हतं, हरून तुमच्यासमोर उभं राहायचं होतं. पडवीत तुम्ही विचारलंत, पुन्हा संधी नाही दिली? मी म्हटलं, नाही. तुम्ही ते खरं मानलंत, मास्तर, आणि खरं मानूनच गेलात.