जोडीचा फॉर्म

९ जानेवारी १९९१
दौलतरावांचा फॉर्म परत केला! बत्तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात काढली, आता निवृत्त. कंपनीकडून मिळणारी मदत आजारपणाला पुरणार नाही, म्हणून वरच्या खर्चासाठी मेडिक्लेम हवा. स्वतःचा. बायकोचा नाही. "तिला काय धाड भरलीय? बैलावानी राबते."
बायको इंदुबाई दारातच हसल्या. "मना काय झालाय ताई? सगला बेस हाय."
म्हटलं, मी जोडीचाच फॉर्म घेते. नाहीतर दुसरा एजंट बघा. उठले आणि बदलापूर गावातून तडक घरी.

१७ जानेवारी
विमा कंपनीतले आमचे डेव्हलपमेंट ऑफिसर हेमचंद्र चिडले. "मॅडम, धंदा वाढवायचाय की लोकांचे संसार सुधारायचेत?" या महिन्यात तीन गिऱ्हाइकं उल्हासनगरच्या एजंटाकडे गेली. जाऊ देत. म्हातारे फक्त पुरुषच होतात का?

१८ जानेवारी
बेलवलीत दोन घरं. चहा दोन्हीकडे. फॉर्म एकही नाही.

२ फेब्रुवारी
दौलतराव आले! "लिवा तिचाबी. हिच्याकरनं रोज कोन डोकां खाऊन घेनार?" मागे इंदुबाई.
वय? दौलतराव म्हणाले पन्नास. त्या म्हणाल्या, "सत्तावन." माझ्याच वयाच्या.
आजार? "काय नाय," पुन्हा दौलतरावच. म्हटलं, तुम्ही गप्प बसा, मी त्यांना विचारते आहे.
इंदुबाई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच — पाळी जाऊन सात वर्षं झाली. गेलं वर्षभर परत अंगावरून जातंय.
"कुणाला सांगितलंत?"
"इचारला कोनी?"
मी लिहिलं. दौलतराव ओरडले — "खोडा ते! पैसं भेटनार नाय!" खरंच मिळणार नाहीत, आधीचा आजार आहे. पण खोटं मी लिहीत नाही. म्हटलं, फॉर्म राहू दे बाजूला. उद्या डॉक्टरीणबाईंकडे चला.

११ फेब्रुवारी
तपासणीचा निकाल आला. कॅन्सरच. पण पसरलेला नाही. पिशवी काढायची. दौलतराव दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

२० फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. इंदुबाई सुखरूप! खर्च सगळा दौलतरावांनी केला, हूं की चूं नाही. संध्याकाळी माझ्यासमोर हात जोडून उभे. मीच रागावले, "चहा प्या आधी." डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी सहा महिने गेले असते तर... देवा, तुझे उपकार.

१४ मार्च
सकाळीच इंदुबाईंची शेजारीण बनूबाई दारात, नवऱ्याला जवळजवळ ओढतच आणलेलं. "इंदीला इचारलांत तसां मनापन इचारा. ह्यो भायेर बसंल." महिन्याभरात गावातून अकरा जोड्या झाल्या! हेमचंद्र पेढे घेऊन आले. "मॅडम, तुमचंच खरं." आभार मानत सुटणारी बाई मी नव्हे. आज मात्र एकेकाचे मानले — त्या चिडक्या हेमचंद्रांचेसुद्धा.

२१ मार्च
इंदुबाई आल्या. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. "ताई, तुमाला इचारतो का कोन?"
हसण्यावारी न्यायला तोंड उघडलं, आणि सांगून टाकलं. डाव्या स्तनात गाठ आहे. चार महिने झाले. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.
सोमवारी त्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे येत आहेत.