कॅसेटला खोकला येत नाही

सोमवार, १७ एप्रिल १९९५. दुपारी १.

ही वही आजपासून गुप्त. ज्वारीच्या कोठीमागे ठेवायची. बायकोला, सुंदरबाईला, वाचता येतं, पण कोठीमागे पाल आहे आणि ती पालीला घाबरते.

घटना अशी. पुखराजशेठने आज मला टॉकीजमधून काढलं. अठरा वर्षं मी या धुळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत पिक्चर ओरडत फिरलो. आधी टांगा होता, मग रिक्षा आली. भोंगा बदलला, आवाज माझाच. देवपुरातल्या बाया माझ्या आवाजावर कुकर लावायच्या. आणि आता शेठने जळगावहून कॅसेट करून आणली आहे. कुणीतरी नाकात बोलणारा पोरगा, मागे म्युझिक. रिक्षावाल्याने नुसतं बटण दाबायचं.

मी विचारलं, शेठ, माझं चुकलं काय? शेठ पानाला चुना लावत होते. वर न बघता म्हणाले, "चुडामण, कॅसेटला खोकला येत नाही."

मला खोकला वर्षातून दोनदा येतो. फार तर पाच-सहादा.

सूड घेणार. लाल शाईने लिहायचं होतं, लाल पेन मिळालं नाही.

मंगळवार, १८ एप्रिल. सकाळी ७.

रात्रभर झोप नाही. (दोन वाजता लागली, सातला उठलो.)

प्लॅन असा. शुक्रवारी नवा पिक्चर लागतो आहे, ‘उड़ते डाकू’. इंग्लिश, पण हिंदीत डबिंग केलेला. शेठची शेवटची बाजी आहे ही. घरोघरी केबल आल्यापासून टॉकीजमध्ये कबुतरं जास्त आणि पब्लिक कमी. शेठ स्वतः मागच्या महिन्यात माझ्यासमोर बोलले होते, हा पिक्चर तीन आठवडे चालला तर ठीक, नाहीतर खुर्च्या काढतो आणि मंगल कार्यालय करतो.

तर मंगल कार्यालयच होणार. पहिल्या लग्नाला मी बिनबोलावता जेवायला जाईन आणि दोनदा जिलेबी मागेन.

शुक्रवार, २१ एप्रिल. संध्याकाळी ७.

शत्रूच्या गोटात शिरलो. काळा गॉगल, मफलर, कानटोपी. नाव ठरवलं निंबा, धंदा केळीचा. उष्मा त्रेचाळीस डिग्री. डोअरकीपर भाईदासने तिकीट फाडलं आणि म्हणाला, चुडामणभाऊ, कानटोपी काढा, घेरी येईल. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. भाईदासची नजर पहिल्यापासून संशयी. बाकी कोणीही ओळखलं नाही. बाकी फक्त अकरा जण होते.

पिक्चर मात्र आपल्याला समजला. एक टोळी असते, विमानातून उड्या मारते. पाठीवर छत्री. बँकेच्या गच्चीवर उतरायचं, सोनं भरायचं, गच्चीवरून पुन्हा उडी. टोळीत एक नवा गडी येतो. सरदार त्याला सख्ख्या भावासारखं वागवतो, ताटातलं काढून देतो. आणि तो गडी निघतो गुप्त पोलीस! शेवटी विमानातून दोघं उडी मारतात आणि पोलीस आभाळातच बेडी घालतो, एक कडी सरदाराच्या हाताला, एक स्वतःच्या. छत्री एकच. वाचायचं तर दोघांनी, मरायचं तर दोघांनी.

मला तो गुप्त पोलीस फार जवळचा वाटला. तोही एकटा. त्यालाही घरचे समजून घेत नाहीत.

शनिवार, २२ एप्रिल. दुपारी ४.

आनंदाची बातमी. पिक्चर पडला. इंटरव्हललाच लोक उठून चालले आहेत. भाईदासकडून काढून घेतलं (त्यानेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं). कारण असं की हवेत सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा. पब्लिकला कळतच नाही कोण कोण आहे. एक म्हातारा भाईदासला म्हणाला म्हणे, "बठ्ठा गोरा सारखाच दिसतस. पोलीस कोनता आन् चोर कोनता, काई समजस नही." शेठ पुढच्या शुक्रवारी पिक्चर उतरवणार.

सुंदरबाईला सांगितलं. ती पोळी लाटत म्हणाली, "आपोआप मरी ऱ्हायनं, तेले कशाले मारतस?"

बायकांना सूड कळत नाही. आपोआप मेला तर त्यात माझं काय? शेठला कळलं पाहिजे की चुडामणने मारला. माझ्याच आवाजाने मारला.

रविवार, २३ एप्रिल. रात्री १०.

सापडलं! पिक्चरचा जीव कशात आहे? गुपितात. गडी पोलीस आहे, हे शेवटी कळतं. तेच मी आधी फोडणार. गावोगाव, बाजारोबाजार. अख्खी स्टोरी फुकट सांगणार, शेवटासकट. स्टोरी समजल्यावर कोणता शहाणा तिकीट काढेल?

पक्कं करण्यासाठी आज दोनदा पिक्चर पाहिला. खुणा टिपल्या. लाल हेल्मेट म्हणजे पोलीस. पिवळी छत्री म्हणजे सरदार. डावा हातमोजा फाटका तो सरदाराचा मेहुणा, तो पाऊण तासात मरतो.

सोमवार, २४ एप्रिल. दुपारी ३. नरडाणा.

बाजार. लिंबाखाली बैलगाडीवर उभा राहिलो. भोंगा नाही, म्युझिक नाही, नुसता गळा. पाच मिनिटांत शंभर माणूस. पाऊण तास सांगितलं. लाल हेल्मेट ध्यानात ठेवा, पिवळी छत्री ध्यानात ठेवा. सरदार त्याला ताटातलं काढून देतो तिथे माझाच गळा भरून आला. अठरा वर्षांनी शेठने ताटातलं काय दिलं मला? एक कॅसेट.

शेवटी आवाज चढवून म्हटलं, "आणि आभाळात बेडी घातली! तर बाप्पाहो, स्टोरी संपली. आता हा पिक्चर बघू नका."

लोक टाळ्या वाजवत उठले. बेडी आभाळातच घातली का, असं चार-पाच जणांनी पुन्हा पुन्हा विचारलं. म्हटलं, आभाळातच. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. माझ्या मते चीड.

मंगळवार, २५ एप्रिल. रात्री ८.

शिंदखेड्याला दोनशे माणूस. पहिल्या ओळीत एक पन्नाशीचा गृहस्थ, पांढरी टोपी, पोटाशी कापडी पिशवी. एकदाही हलला नाही. माझ्या तोंडाकडे बघत होता. संपल्यावर पाया पडला. नाव मोतीलाल, अमळनेरचा, साड्यांची फेरी करतो. म्हणाला, असा आवाज मी ऐकला नाही, उद्या जिथे जाल तिथे येतो.

शेठ, ऐका. जगात कदर आहे.

बुधवार, २६ एप्रिल. दुपारी २. दोंडाईचा.

लिहिताना डोळे चुरचुरतात. कारण खाली.

आज ठरवलं, नुसतं सांगायचं नाही, उडी दाखवायची. गाडीवर गाडी, त्यावर पोती, त्यावर मी. पाठीला सुंदरबाईचं जुनं लुगडं चार टोकांनी बांधलं. पब्लिक साडेतीनशे. मोतीलाल पुढेच, पिशवी छातीशी. "आणि लाल हेल्मेट उडी मारतं!" म्हणालो आणि मारली.

टेक्निकली उडी बरोबर होती. लुगड्याने वारा धरला नाही. मी लाल मिरच्यांच्या ढिगात उतरलो. ढीग भिकुबाई नावाच्या बाईचा होता. तिने मला बरंच काही ऐकवलं. त्यातलं बरंचसं मला खोकल्यामुळे ऐकू आलं नाही.

पण शो थांबवला नाही. ढिगातूनच शेवट सांगितला, खोकत खोकत. "आभाळात… बेडी…" माणसं हसून आडवी झाली. पाय मुरगळला आहे. मोतीलालने खांद्याचा आधार दिला. वाटेत मी त्याला सगळं सांगून टाकलं, शेठ, कॅसेट, सूड, मंगल कार्यालय. किती दिवसांनी कुणाजवळ मन मोकळं केलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग एवढंच म्हणाला, भाऊ, बेडीचा भाग उद्या जरा सावकाश घ्या, आणि तोंड माझ्याकडे ठेवा, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

त्याच्या पिशवीतून मधूनच कट्‌ असा आवाज येतो. विचारलं. म्हणाला, जेवणाचा डबा आहे, झाकण ढिलं झालंय.

शुक्रवार, २८ एप्रिल. सकाळी ११.

पिक्चर उतरला नाही. दुसरा आठवडा. समजत नाही. बहुधा पुढच्या पिक्चरची पेटी वेळेवर आली नसेल.

रविवार, ३० एप्रिल. दुपारी ४.

टॉकीजबाहेर नऊ ट्रॅक्टर. पैकी तीन नरडाण्याकडचे. माझा अंदाज, लोक जाब विचारायला आले असावेत. भाईदास मात्र वेगळंच सांगतो. म्हणे आत पब्लिक शिट्ट्या मारतं, "लाल! लाल!" ओरडतं, फाटका हातमोजा दिसला की म्हणतं गेला हा आता. बेडीच्या सीनला खुर्च्यांवर उभं राहतं. दोंडाईच्याचे लोक तर सीन संपल्यावर मुद्दाम खोकतात.

भाईदास शेठचा माणूस. त्याच्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं.

तरी एक प्रश्न उरतो. स्टोरी माहीत असून हे येतात कशाला? सुंदरबाई म्हणाली, तमाशाची स्टोरी तरी कुणाला नवी असते. आणि म्हणाली, आतापर्यंत कळत नव्हतं, तुम्ही समजावून दिलं. तिने हे भाजी निवडत, अगदी सहज सांगितलं. मला राग आला. जेवलो नाही. (नंतर थोडी खिचडी.)

मंगळवार, २ मे. सकाळी ९.

बाजारात जायचं बंद. पाय. मोतीलालला निरोप कुठे पाठवावा कळत नाही. अमळनेरला साड्यांच्या फेरीवाल्यांत या नावाचं कोणी नाही असं एस्टी स्टँडवर एकाने सांगितलं. बिचाऱ्याचं बरंवाईट झालं नसेल ना? ब्लडप्रेशरचा माणूस दिसत होता.

निश्चय: नवा प्लॅन करायचा. अजून सुचला नाही.

शुक्रवार, ५ मे. सकाळी १०.

तिसरा आठवडा. मंगल कार्यालय गेलं.

अंथरुणात होतो. लांबून रिक्षाचा भोंगा ऐकू आला. जळगावचा नाकातला पोरगा नव्हता तो. "लाल हेल्मेट ध्यानात ठेवा बाप्पाहो! पिवळी छत्री ध्यानात ठेवा!" मी उठून बसलो. आवाज माझा. माझाच, शिंदखेड्याचा, दोंडाईच्याचा. लोकांच्या हसण्यासकट. "सरदार त्याला ताटातलं काढून देतो…" इथे गळा भरून येतो, तोसुद्धा जसाच्या तसा. मग "आभाळात… बेडी…" आणि मिरच्यांचा खोकला, पुरता. "बघू नका" मात्र कापून टाकलेलं. त्याच्या जागी नाकातला पोरगा म्हणतो, रोज तीन खेळ.

लंगडत दारात गेलो. रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी पांढरी टोपी. मोतीलाल. त्याने मला नमस्कार केला, मनापासून केला असं वाटलं. मीही हात जोडून गेलो, सवयीने.

दुपारी १.

भाईदास येऊन गेला. मोतीलाल म्हणजे पुखराजशेठचा मेहुणा, जळगावात कॅसेटचं दुकान. सोमवारी रात्रीच्या खेळाला नरडाण्याचा पहिला ट्रॅक्टर आला तेव्हाच शेठने त्याला पाठवला होता. मी इतके दिवस स्वतःला गुप्त पोलीस समजत होतो. पोलीस तो होता. मी सरदार. आणि मी त्याला माझ्या डब्यातली दशमी दिली होती.

शेठचा निरोप: बाल्कनीचे दोन पास, आणि चुडामणला म्हणावं आता आराम कर. भाईदासने विचारलं होतं, शेठ, मधला खोकला काढायचा का? शेठ म्हणाले, खबरदार, पब्लिक त्याच्यासाठीच येतं.

कामावर परत बोलावलं का, असं मी विचारलं. भाईदास म्हणाला, आता कशाला, आवाज तर आहे ना.

संध्याकाळी ६.

सुंदरबाई नवं लुगडं नेसून एकटीच बाल्कनीत बसायला निघाली होती. मी येत नाही म्हटलं. तेवढ्यात रिक्षा चौथ्यांदा आली. मी ओसरीवर होतो. अठरा वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. भोंग्याबरोबर मीही म्हणू लागलो, लाल हेल्मेट, पिवळी छत्री, ताटातलं काढून देतो, सगळं. आभाळातल्या बेडीला मला खराच खोकला आला. थांबेना.

समोरची वच्छलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. रिक्षा गेल्यावर सुंदरबाईला म्हणाली, "चुडामणभाऊ कॅसेटनी नक्कल बरी करतस."