काचेच्या खोलीतली खुर्ची

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हसली असशील आणि मग घाबरली असशील. दोन रस्ते ओलांडले की माझं घर, दिवसाआड फोन, आणि तरी ताईने पत्र लिहिलंय म्हणजे नक्की काहीतरी झालंय. आधी धीर देते: आई बरी आहे, तिचा गुडघा तिच्या स्वभावासारखाच आहे, कधी वाकतो, कधी नाही. तुझे भावोजी लेकीला घेऊन पोहायला गेलेत. दुपारचं घर रिकामं आहे, म्हणून बसले. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच ‘अगं ताई’ म्हणतेस ना, तेवढ्याने माझं अर्धं बोलणं पोटात परत जातं. कागद निदान मध्ये बोलत नाही.

आता सरळच सांगते. मी तुझ्यावर जळते. थट्टेत म्हणत नाहीये. नवी साडी बघून ‘मेले, जळले मी’ म्हणतो तसं नाही. गेल्या रविवारी आईकडे जेवण झाल्यावर तुला तुमच्या कुलपांच्या कारखान्यातून फोन आला. मुलामा देण्याचं मशीन अडकलं होतं, आणि माल आज पाठवायचा की उद्या, हे ते तुला विचारत होते. तू खिडकीशी उभी राहून, एका हाताने फोन धरून बडीशेप चघळत म्हणालीस की उद्याच पाठवा, आपली नवी लाइन सुरू झाली की ही कटकट राहणार नाही. आपली. इतक्या वर्षांत मी कुठल्याही कंपनीला ‘आपली’ म्हटलेलं नाही. आम्हा ऑडिटवाल्यांकडे सगळं त्यांचं असतं. त्यांचा माल, त्यांची चूक, त्यांचा नफा. आई कौतुकाने बघत म्हणाली, बघ, रविवारीसुद्धा हिच्यावाचून अडतं त्यांचं. मी भांडी घासायला उठले. आईला वाटलं, थोरली कामाची आहे. मी तवा इतका घासला की त्याची कडा हाताला लागली.

तुला आमची ऑडिट फर्म सोडून किती दिवस झाले हे मी मोजत बसत नाही, पण तू बरंच विसरली असशील. आमचं बसणं आठवतंय का? ज्या कंपनीचं ऑडिट करायचं तिथली सगळ्यात टाकाऊ खोली आपल्याला मिळायची. जिच्यात एक पाय आखूड असलेलं टेबल असतं, बंद पडलेला झेरॉक्स असतो, आणि खिडकी असलीच तर ती भिंतीकडे उघडते. लोक दारातून डोकावायचे आणि आपल्याला बघून आवाज बारीक करायचे. चहा वेगळ्या ट्रेमध्ये यायचा, पाहुण्यांच्या कपातून. काम संपलं की सगळं पिशवीत भरून उठायचं, कागदाचा कपटासुद्धा मागे ठेवायचा नाही. आणि स्वतःच्या ऑफिसात आलं तर तिथेही आपली अशी जागा नाही. जो आधी येईल त्याचं टेबल. मी आजही तशीच बसते. परवा लिफ्टजवळची जागा मिळाली, दिवसभर माझ्या मानेवर दार उघडत होतं.

आणि काम तरी काय, वरातीमागून घोडं. वर्ष उलटून गेल्यावर जायचं आणि झालेल्या गोष्टींना ‘का झालं’ म्हणून विचारायचं. तो माल घेतला का, ते मशीन टाकलं का, याचा पुरावा काय. एखादी गोष्ट घडण्याआधी मला कुणी विचारलंय असं कधी झालं नाही. तुला विचारतात.

तू तिथे गेलीस तेव्हा पहिले काही आठवडे मात्र मला फार सुखाचे गेले, हेही सांगून टाकते. तू रडवेली होऊन यायचीस आणि मी तुला समजवायचे. फर्मची सवय जात नव्हती तुझी. तू तुझ्याच कारखान्यातल्या स्टोअरकीपर काकांना प्रश्नांची यादी पाठवलीस, प्रत्येक प्रश्नापुढे ‘पुरावा जोडावा’. काकांनी सगळ्या पावत्या पोत्यात भरल्या, हातगाडीवर घातल्या आणि तुझ्या टेबलापाशी आणून ओतल्या. वर नम्रपणे विचारलं, अजून जोडू का? कॅन्टीनमध्ये तुला ‘पुरावाबाई’ म्हणायला लागले. शिवाय रोज संध्याकाळी तू टेबल धुतल्यासारखं रिकामं करून सगळं घरी आणायचीस, कारण क्लायंटकडे काही सोडायचं नाही ना. क्लायंट कुठला बाई, तू स्वतःच होतीस तो! मी हसून हसून बेजार झाले होते. वरवर म्हणायचे, होईल सवय. मनात म्हणायचे, येईल परत.

तू परत आली नाहीस. पुढच्या खेपेला आलीस तेव्हा हातात पिशवी नव्हती. मी विचारलं तर म्हणालीस, ठेवली की तिथेच. मग हळूहळू कळत गेलं की तिथे तुझा एक खण आहे, त्यात घरातल्या चपला आहेत, खिडकीत कोरफडीचं रोप आहे. काका आता पावत्या आणून ओतत नाहीत, स्वतः येऊन बसतात आणि मुलीच्या लग्नाचं तुझ्याशी बोलतात. हे तू सहज सांगतेस गं. तुला काय माहीत, त्या काकांनी पहिल्यांदा कुणाशी मन मोकळं केलं होतं ते.

माझ्याशी. तुझ्या आधी त्या कुलपांच्या कारखान्यात मी जात होते, हे तुला माहीत आहे, पण तुझ्या लेखी ते माझ्या अनेक क्लायंटपैकी एक होतं. तसं नव्हतं. तिथे मला टाकाऊ खोली नव्हती. काकांनी स्टोअरच्या कोपऱ्यात माझ्यासाठी टेबल लावून दिलं होतं, स्प्रिंगच्या खोक्यांशेजारी, आणि एक निळा कप वेगळा काढून ठेवला होता, पाहुण्यांचा नव्हे. वर्षअखेरीची मालमोजणी असली की मी सकाळीच पोहोचायचे. मालकीणबाई स्वतः शिडीला हात लावून उभ्या राहायच्या आणि मला चिडवायच्या, तुम्ही नेमका वरचाच खोका का मागता हो? नवं कुलूप तयार झालं की पहिलं माझ्या हातात द्यायच्या आणि सांगायच्या, उघडून दाखवा. तेलाचा आणि पितळेचा तो वास घेऊन मी घरी यायचे, तर तुझे भावोजी नाक मुरडायचे. मला तो वास आवडायचा. सगळ्या शहरात तेवढी एकच जागा होती जिथे मी आले की लोकांना बरं वाटायचं.

तिथे हिशेब विभागात माणूस हवा होता तेव्हा बाईंनी आधी मलाच विचारलं होतं. तुला हे मी कधी सांगितलं नाही. मी हसले. मला वाटत होतं पुढच्या वर्षी मी फर्मची पार्टनर होणार, आणि पार्टनर व्हायचं सोडून कुलपांच्या कारखान्यात कोण जातं? पण तू तेव्हा फर्ममध्ये दमली होतीस, दर सोमवारी तुझं डोकं दुखायचं. मी तुझं नाव सुचवलं. मोठ्या मनाने सुचवलं, आणि त्या मोठेपणावर खूशही झाले.

आता ऐक गंमत. ज्या कंपनीच्या हिशेबात आपलं सख्खं माणूस बसलंय, तिचं ऑडिट आपण करायचं नाही. हा नियम फर्ममध्ये दरवर्षी नव्या मुलांना कोण शिकवतं? मी. आई, बाप, नवरा, बहीण, भाऊ, असं बोटांवर मोजून दाखवते, उदाहरणं देते, मुलं हसतात. आणि तुझं नाव सुचवताना माझ्या डोक्यातही आलं नाही की बहीण म्हणजे तू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तुझ्या नेमणुकीची ऑर्डर निघाली त्याच आठवड्यात आमच्या पार्टनरांनी मला बोलावलं आणि कारखाना माझ्याकडून काढून घेतला. निरोप घ्यायलाही जाता आलं नाही. तू फोनवर म्हणालीस, बरं झालं ताई, सुटलीस एका क्लायंटमधून. मी हो म्हणाले.

त्यानंतर तू दर रविवारी मला माझ्याच माणसांच्या बातम्या सांगत आलीस. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बाईंचं नवं कुलूप, मशीनवरच्या पोरांची भांडणं. एकदा तू सांगितलंस की स्टोअरमध्ये एक निळा कप पडून होता, तो तू घेतलास. मी वरणाला फोडणी देत होते, वळून पाहिलं नाही. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात आलं माझ्या. सख्ख्या बहिणीबद्दल. आणि तू तर मी दिलेल्या वाटेनेच गेली होतीस, तुझा काय दोष? दोष नाही म्हणूनच जास्त जळायचे. दोष असता तर भांडून मोकळी झाले असते.

पार्टनरची यादी गेल्या महिन्यात लागली. तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की मीच नको म्हटलं, घराकडे लक्ष द्यायचंय. ते खोटं. माझं नाव नव्हतं. ज्याला मी मालमोजणी कशी करायची ते शिकवलं, शिडीवर कसं चढायचं इथपासून शिकवलं, त्याचं होतं. पार्टनर म्हणाले, तुमच्या हाताशी असा स्वतः वाढवलेला मोठा क्लायंट राहिला नाही ना. मी त्यांना कारखान्याची आठवण करून दिली नाही. पेढे खाल्ले, त्याच्याशी हात मिळवला, आणि गाडीत येऊन बसले. गाडी बराच वेळ सुरू केली नाही.

आता तुझी बातमी, जी तू मला मागच्या रविवारी कुजबुजत दिलीस. तुमचे चष्मेवाले साहेब निवृत्त होतायत, आणि त्यांची काचेची खोली, सगळ्या हिशेब विभागाची जबाबदारी, तुला मिळेल असं सगळे म्हणतायत. काकांनी तुझ्या कोरफडीसाठी तिथली खिडकी पुसूनसुद्धा ठेवलीय. तू आईला सांगितलंस, आईने शेजारी सांगितलं. तू इतकी खूश होतीस की जेवताना दोनदा मीठ मागितलंस आणि दोन्ही वेळा घातलं नाहीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात खरा होता आणि खोटाही होता, कसं सांगू तुला.

मंगळवारी मालकीणबाईंचा फोन आला. इतक्या वर्षांनी, पण आवाज तोच. म्हणाल्या, “तेव्हा विचारलं तर तुम्ही हसलात. आता काचेच्या खोलीसाठी विचारते. हसू नका.” मी हसले नाही. आधी नियम डोक्यात चाळून पाहिला, सवयीने. ऑडिट करणाऱ्याला लगेच त्याच कंपनीत वरच्या जागेवर जाता येत नाही, मध्ये काळ जावा लागतो. तो केव्हाच गेलाय. तू तिथे गेलीस म्हणून मी बाहेर पडले, आणि बाहेर पडले म्हणूनच आज मला आत यायला मोकळीक आहे. मी बाईंपाशी तुझं नाव घेतलं, हे मात्र खरं. बाई म्हणाल्या, “धाकटी गुणी आहे. पण मला एखाद्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणारं माणूस हवंय. ती तयार आहे का, तुम्हीच सांगा.” धाकटे, तू तयार आहेस. तू काकांना पोत्यासकट आपलंसं केलंस, तुला ‘नाही’ म्हणणं जड नाही. हे मला ठाऊक होतं, आणि बाई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि मी गप्प बसले. त्यांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

मी हो म्हटलंय. काल फर्ममध्ये राजीनामा दिला. सोमवारी बाई सगळ्यांना एकत्र बोलावून सांगणार आहेत, आणि ते तुला कॅन्टीनमध्ये किंवा काकांच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र आज तुझ्या दारात टाकतेय. मला माहीत आहे इथे काय लिहायला हवं होतं. तू नको म्हणालीस तर मी माघार घेईन, असं. ते वाक्य मी मघापासून मनात जुळवतेय, छान जुळतंही. पण लिहीत नाही, कारण ते खरं नाही. तू नको म्हणालीस तरी मी येणार आहे.

तुझीच,
ताई