नवा पत्ता आधी टेलला

निरवांगी, ता. इंदापूर
२६ ऑगस्ट १९९९

तीर्थरूप गेणूतात्यांच्या पायांशी पुतण्या जोतीरामचा नमस्कार. तुमचा डावा गुडघा (पत्रात तुम्ही उजवा लिहिलाय, पण लग्नात डावाच धरून बसला होता) आता कसा आहे? धोंडाकाकूंचा खोकला? इकडं सारजा बरी आहे. मी का नाही, ते पुढं येतंच.

घरात कॉम्प्युटर असताना जोतीराम कागदावर का उतरला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं मूळ कन्हेरीत आहे, म्हणजे सारजाच्या भावात, हिंदुरावात. तुमच्या बारामतीच्या गाळ्यात यशराजचं इंटरनेटचं ऑफिस आहे. तिथून प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता मिळतो, हे मी तुम्हाला दोनदा समजावलंय. हे पत्ते पुढंमागं जगात संपणार, म्हणून यशराज आता बत्तीस अक्षरी नवे पत्ते देतोय. पण एकदम नाही, कॅनॉलच्या पाळीसारखे, हेडकडून, म्हणजे पाट सुरू होतो त्या टोकाकडून. त्यामुळं पहिला नंबर कन्हेरीचा. ज्या माणसाला माउस कसा धरायचा ते मी शिकवलं (२४ मार्च ९८, मंगळवार), त्यानं तो पत्ता पेंटरकडून ट्रॉलीच्या फळीवर रंगवून घेतला. ट्रॉली भवानीनगरच्या चौकात उभी असते, आणि पुस्तकं वाचून, दोनदा शॉक खाऊन शिकलेल्या मला लोक विचारतात, "हिंदुरावांना मिळाला, तुमाला न्हाय व्हय?"

मी सरळ ऑफिस गाठलं. म्हणालो, पाटाचा नियम आहे, पाणी आधी टेलला, शेवटच्या टोकाला. निरवांगी टेलला आहे. बसलेल्या सहापैकी चार जण टेलचेच निघाले, त्यांनी माना डोलावल्या. यशराजचा बाप पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी होता, त्याला हा नियम घरचाच. म्हणाला, "काका, देतो. पण जुनाबी राहू द्या. दोन्ही शेजारी शेजारी चालत्यात. समदी नव्यावर यायला लई वर्सं हायती." मी विचारलं, हिंदुरावनं काय ठेवलंय? तो म्हणाला, दोन्ही. मग मी जुना तिथल्या तिथं काढायला लावला. तालुक्यात निव्वळ नवा पत्ता असलेला माणूस मी एकटाच (तसं लेखी घेतलंय).

घरी येऊन जोडलं तर सगळं सामसूम. नव्या पत्त्याची गाठ फक्त नव्याशीच पडते, हे मला माहीत होतं. फक्त त्या दिवशी आठवलं नाही. पुणं बंद, मुंबई बंद, आमच्या दिपालीचं कॉलेज बंद. साऱ्या जगात माझ्याशी बोलू शकणारा माणूस एकच उरला. तात्या, सहा वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होतो. आता दिपाली मामाला लिहिते, मामा ते मला पाठवतो, आणि खाली स्वतःची ओळ घालतो: "पोरगी मजेत हाय दाजी, घोर करू नगा." माझ्या पोरीची खुशाली मला कन्हेरीहून. परवा तर तिनं परीक्षेचे मार्क आधी त्यालाच कळवले. (तसं त्याला इलाज नव्हता, पण आनंदानं कळवले.)

बाकी तक्रार काही नाही. काकूंना नमस्कार.

आपला,
जोतीराम

ता. क. गाळा तुमचा आहे. बोलता बोलता यशराजला सांगा, जोतीरामचा जुना पत्ता परत दे. मी मागितलाय असं नको. हिंदुरावच्या कानावर तर मुळीच नको. कॉम्प्युटरवरून लिहिलं असतं तर त्याच्याच हातून गेलं असतं, म्हणून हा कागद.

ता. क. दुसरा. हिंदुराव राखी बांधून घ्यायला आलाय आणि उद्या बारामतीला निघालाय, तेव्हा पत्र त्याच्याकडंच देतोय. पाकीट डिंकानं चिकटवीन. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता त्यानंच घातला. मी निरवांगी सांगत होतो, तर गड्यानं माझा नवा पत्ता लिहिला, बत्तीसच्या बत्तीस अक्षरं, न बघता. मी वहीशी ताडून पाहिलं. एकही चुकलं नाही. मला अजून सोळाच येतात. तेव्हा जुना परत दिला तरी नवा काढू नको, हेही यशराजला सांगा. माझं पाठांतर राहिलंय.