लालचंदकाकांचं सीमोल्लंघन

नालवाडी, दसरा, १९९७

आज शेजारचे लालचंदकाका सीमोल्लंघनाला आले नाहीत. कापडाचं दुकान बंद करून दरवर्षी आमच्यासोबत शिवेपर्यंत चालणारा माणूस. आजच काय झालं? सोनं द्यायला गेलो, तर दिवा न लावताच बसलेले. सकाळी पाकिस्तानातून फोन आला होता. थोरली बहीण गेली. फाळणीत हे इकडे आले, ती सासरी सिंधमध्येच राहिली. पुन्हा भेट नाही.

आपट्याची पानं कशी द्यावीत, कळेना. काकांनीच हात पुढे केला.

"मास्तर, तुमी मराठी शिकवता. सीमोल्लंघन म्हंजे काय, सांगा ना मले."

"हद्द ओलांडून जाणं, काका. आणि परत येणं."

"वापस येनं बी त्यातच हाय काय?"

मी हो म्हणालो. का म्हणालो? सीमा अधिक उल्लंघन, वर्गात एवढंच तर शिकवतो. परत येणं त्या शब्दात कुठे आहे? पण आपण सगळे येतो, म्हणून ते असणारच असं वाटत आलं.

"मंग आमचं ते नव्हतं," काका म्हणाले. "निंगताना ताई म्हने, दिवाळीले वापस येजो."

मी उठून दिवा लावला. मग काकाच पुढे बोलले, "फोनवर तिचा नातू होता. म्हने, दादी आखरीले तुमचंच नाव घेत होती. अन् मलेच इचारते, तुमी तिचे कोन लागता?"